रीतसर शेवट

२ जुलै, बुधवार

दैनंदिनी लिहिणारी माणसं मला नेहमी जरा अर्धवट वाटत आली आहेत. पण आज घरात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि नवऱ्याला सांगण्यात अर्थ नाही. तो "हं" म्हणतो आणि कूस बदलतो.

सासऱ्यांनी जेवता जेवता जाहीर केलं की पेढीवरचे कारकूनकाका पुढच्या उन्हाळ्यात घरी बसणार. "त्यांच्या खुर्चीवर मला घरचं माणूस हवंय. तुम्ही दोघी शिकताय ना? जिच्या हातात पदवी आधी येईल, तिची खुर्ची. दोघींच्या एकदम आली तर जिचे गुण जास्त, तिची. बाहेरच्यांना कागद दाखवावा लागतो."

आमची पेढी म्हणजे लोकांचा जहाजांनी आलेला माल बंदरातून सोडवायचा आणि पुढे रवाना करायचा. खुर्ची म्हणजे खिडकीजवळचं टेबल, स्वतःचा फोन आणि दिवसभर स्वयंपाकघराचं तोंड न बघणं. सासूबाई गेल्यापासून ते तोंड आम्हा दोघींनाच बघावं लागतं.

जाऊबाई वाढत होत्या. त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. "खरंच, बाबा?" असं त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. एखादी गोष्ट हवी असली तरी माणसानं ती इतकी तोंडावर दाखवू नये.

मी शांतपणे पाणी प्यायले. मनात म्हटलं, खुर्ची माझीच.

१० जुलै, गुरुवार

अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला तीन पेपर इंग्रजीत आहेत. आधीची दोन वर्षं सगळं आपल्या भाषेत झालं, आता एकदम गियर बदलला. संध्याकाळच्या कॉलेजात नोकरदार, घरदारवाल्या बायका आणि दोनदा नापास झालेली पोरं असा वर्ग. घसाफोड सर धडा इंग्रजीत सांगतात आणि विनोद आपल्या भाषेत करतात, त्यामुळे वर्ग फक्त विनोदांनाच हजर असतो.

जाऊबाई पहिल्या बाकावर बसून सरांचा शब्द न् शब्द आपल्या लिपीत उतरवून घेत होत्या. घरी आल्यावर वाचायला गेल्या तर एका ओळीचा अर्थ लागेना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी म्हटलं, "ताई, अहो ते काय मंत्र आहेत का उतरवून घ्यायला!" त्या हसल्या. त्यांना माझं बोलणं कधी लागत नाही, हा त्यांचा गुण आहे.

मी शाळेपासून इंग्रजीत शिकलेय. त्यात माझा काय दोष?

१४ जुलै, सोमवार

आज जाऊबाईंनी स्वतःच सौदा मांडला.

"अगं, मला सांख्यिकी चांगली येते, तुला इंग्रजी येतं. तू मला ते तीन पेपर शिकव, मी तुला सांख्यिकी शिकवते. आणि माझ्यापायी तुझा वेळ जाणार, तर स्वयंपाकाचं माझ्याकडे राहू दे."

"आणि भांडी?"

"तीही करते गं. त्यात काय!"

पुस्तकात याला तुलनात्मक लाभ म्हणतात. एक देश कापड विणतो, दुसरा धान्य पिकवतो, दोघं अदलाबदल करतात आणि दोघांचंही भलं होतं. आमच्यात स्वयंपाक, भांडी आणि सांख्यिकी त्यांच्याकडे, इंग्रजी माझ्याकडे. पहिल्यांदाच पुस्तकातलं काही आयुष्यात उपयोगी पडलं.

इंग्रजी पेपरांची उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात, असा नियम आहे. जाऊबाईंना अक्षरं वाचता येतात, सोपे शब्द कळतात, पण स्वतःचं वाक्य करायचं म्हटलं की गाडी रुतते. तेव्हा असं ठरलं की मी उत्तरं सांगायची, त्यांनी उतरवून घ्यायची, मी तपासायची आणि त्यांनी घोकायची. त्यांचं पाठांतर भयंकर आहे. स्वल्पविराम आला की श्वास घेतात, पूर्णविराम आला की थांबतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

प्रमाण विचलन मला काही केल्या कळेना. जाऊबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "घराची सरासरी काढली तर ठीकच येते. पण त्यात एखादा माणूस फार लांब असतो. तो किती लांब आहे ते मोजायचं, एवढंच आहे हे."

मग एकच देठ कितीतरी वेळ मोडत राहिल्या. मला सूत्र हवं होतं, तत्त्वज्ञान नको. मी तसं म्हटल्यावर त्यांनी सूत्र सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर सगळी गणितं सुटली.

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, समुद्रापलीकडच्या बंदरात पेढीचं काम बघतात. लग्नानंतर जाऊबाईही तिकडे राहिल्या होत्या. तिकडची भाषा बाजारहाटापुरती येते त्यांना. अजूनही खिडकीतून मांजर आत आली की तिकडचाच कसलासा खणखणीत शब्द वापरून हाकलतात, आणि मांजरीला तो बरोबर कळतो. मग "जरा हवापालट" म्हणून त्या इकडे आल्या आणि दीर तिकडेच राहिले. आधी नेमानं फोन यायचा. आता अधूनमधून येतो, तोही सासऱ्यांना. कामं असतात माणसाला. जाऊबाई उगाच मनाला लावून घेतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

डोकं तडकलंय.

चाचणीचे निकाल लागले. इंग्रजी पेपरात जाऊबाई वर्गात पहिल्या, मी चौथी. माझी उत्तरं पाठ करून त्या पहिल्या! आणि मी आपली ऐनवेळी सुचेल तसं लिहायला गेले आणि दोन मुद्दे विसरले. घसाफोड सरांनी जाऊबाईंचा पेपर वर्गाला दाखवला. "उत्तर कसं असावं ते बघा. नेमकं, नेटकं." वाक्यं कुणाची होती ते विचारलं नाही कुणी.

वर जाऊबाई परतताना म्हणाल्या, "हे सगळं तुझंच आहे हं." असं म्हणून स्वतः मात्र गुणपत्रिका घट्ट धरून चालत होत्या. संध्याकाळी माझ्या आवडीचं जेवण केलं. मला एक घास गोड लागला नाही.

सांख्यिकीत त्या पुढे, आपल्या भाषेतल्या पेपरांत त्या पुढे, आता इंग्रजीतही त्या पुढे. मग माझं काय उरलं?

२१ सप्टेंबर, रविवार

आज एक गंमत केली.

कल्याणाच्या अर्थशास्त्राचं मोठं उत्तर सांगत होते. त्यात एक कल्पना आहे: एकाचं बिघडवल्याशिवाय दुसऱ्याचं सुधारता येत नाही, अशी स्थिती आली की अर्थतज्ज्ञ खूश होतात. मला ही कल्पना फार आवडली. सांगता सांगता काय सैतान शिरला कुणास ठाऊक, शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं. इंग्रजीतून त्याचा अर्थ असा: "हे उत्तर लिहिणारी बाई चुलीपलीकडे काही जाणत नाही, तिच्यावर दया करून तिला पास करावे."

साधे शब्द घातले असते तर त्यांना कळलं असतं. म्हणून चुलीला आणि दयेला शब्दकोशातले जडजंबाल शब्द शोधले. भारदस्त झालं वाक्य.

जाऊबाईंनी एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे शेवटचं काय गं? आधीच्या उत्तरांत नव्हतं."

"रीतसर शेवट आहे तो. इंग्रजीत मोठं उत्तर असं संपवतात. परीक्षकांना बरं वाटतं."

"हो का," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस. आपल्याला कुठून कळायला!"

नवऱ्याला सांगितलं तर तो पहिल्यांदाच "हं" म्हणायचं विसरला. खो खो हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "पण काढून टाकशील ना नंतर?" म्हटलं, अर्थात. मी काय राक्षसीण आहे?

५ ऑक्टोबर, रविवार

भांडी घासताना जाऊबाईंचं पाठांतर चालू असतं. माझं वाक्य आलं की आवाज आपोआप चढतो, नाटकातल्या राणीसारखा. मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच नाही, नाहीतर फुटायचो. बऱ्याच दिवसांत घरात इतकी मजा आली नव्हती.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज मात्र कळस झाला. विमा कंपनीचे साहेब चहाला आले होते. पेढीचं त्यांच्याशी नेहमीचं काम. सासरे फुशारकीनं म्हणाले, "माझ्या दोन्ही सुना अर्थशास्त्र शिकतायत. थोरली तर इंग्रजीतून धडाधड उत्तरं म्हणते. म्हण गं, साहेबांना ऐकव."

जाऊबाई पदराला हात पुसत आल्या, लाजल्या आणि नेमकं तेच उत्तर सुरू केलं. साहेब माना डोलवत होते. शेवटचं वाक्य आलं. जाऊबाईंनी ते नेहमीसारखं आवाज चढवून, साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हटलं. साहेबांना असा ठसका लागला की चहा शर्टावर आला. मी धावत पाणी आणायला गेले, म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन तोंडात रुमाल कोंबला.

सासऱ्यांना बिचाऱ्यांना काय कळणार! त्यांचं इंग्रजी "ओके" आणि "टुमारो" यांच्या पुढे जात नाही. पेढीवर आलेली इंग्रजी पत्रं घरी आणतात आणि माझ्यापुढे टाकतात, "वाच, काय म्हणतोय तो." मी वाचते. विनोदी काही असलं तर मी अर्थ सांगायच्या आधीच हसतात. माझ्या वाचण्याच्या ढंगावर हसत असतील. आज मात्र अजिबात हसले नाहीत. जाऊबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान."

साहेब गेल्यावर मला एकटीला गाठून विचारलं, "ते शेवटचं वाक्य परीक्षेतही लिहायचं असतं का?"

"हो बाबा, तेच तर महत्त्वाचं असतं."

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्यांनाही अभ्यासात रस वाटायला लागला म्हणायचं.

८ डिसेंबर, सोमवार

जाऊबाई आज गच्चीवर कपडे वाळत घालताना एकदम म्हणाल्या, "एक सांगू? मला ती खुर्ची हवीये गं. फार हवीये."

मी चिमटे देत राहिले.

"तुझ्याजवळ नवरा आहे. उद्या खुर्ची नाही मिळाली तरी तुझं काही अडत नाही. माझं... ते यायचे नाहीत आता. तुला काय, सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाबांनाही. उद्या बाबा गेले तर या घरात मी कोण? स्वयंपाकीण. तीसुद्धा ठेवलीत तर."

मला राग आला. आपलं दुःख असं दुसऱ्याच्या हातात कोंबायचं आणि मग बघायचं, की समोरचं माणूस काय करतं! हे भांडवल करणं झालं. मी म्हटलं, "ताई, परीक्षा आहे ती. ज्याला येईल त्याला मिळेल."

"ते तर झालंच," त्या म्हणाल्या. "तू शिकवतेयस म्हणून तर मला येतंय. दुसरी कुणी असती तर सांगितलंही नसतं." आणि माझ्या हातातली ओली चादर घेऊन स्वतः पिळली.

खाली आल्यावर थोडा वेळ बरं वाटत नव्हतं. ते वाक्य उद्या काढायचं, असं ठरवलं आहे.

११ जानेवारी, रविवार

वाक्य काढायचं राहिलंय. पण काढायचं म्हणजे "का काढायचं" ते सांगावं लागणार. रीतसर शेवट एकदम बेरीतसर कसा झाला? मग अर्थ सांगा, मग रडारड, मग सासरे, मग सगळ्या घरात माझी शोभा. अर्थशास्त्रात याला संधीचा खर्च म्हणतात. एक गोष्ट करायची तर दुसरी कुठली सोडावी लागते ते बघायचं. इथे मला माझी अब्रू सोडावी लागते.

शिवाय तो प्रश्न परीक्षेत येईलच कशावरून? नाही आला तर सगळंच फुकट. आणि आला तरी एका उत्तराचे गुण जातील. एका उत्तरानं काय आभाळ कोसळतंय? माझंही तेवढंच भलं होईल. विवेकी माणूस असाच विचार करतो, पहिल्याच प्रकरणात दिलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांख्यिकीची शेवटची उजळणी. जाऊबाईंना ताप आहे तरी डोक्याला ओला रुमाल बांधून बसल्या. निर्देशांक, सहसंबंध, सगळं पुन्हा करून घेतलं. मी म्हटलं, राहू द्या, आडव्या व्हा. तर म्हणतात, "तू माझे तीन पेपर केलेस, मी तुझा एकही नीट करू नको?"

डोकं दुखतंय माझं.

१२ मार्च, गुरुवार

कल्याणाच्या अर्थशास्त्राचा पेपर झाला.

जाऊबाई माझ्या मागच्या बाकावर होत्या. पेपर वाटण्याआधी पर्यवेक्षक बाईंनी नियम वाचून दाखवले. नेहमीच वाचतात, कुणी ऐकत नाही. आज का कोण जाणे, मी ऐकले. "उत्तरपत्रिकेत परीक्षकास उद्देशून विनंती, याचना अथवा वैयक्तिक मजकूर लिहिल्यास तो गैरप्रकार समजून परीक्षा रद्द करण्यात येईल."

एका उत्तराचे गुण वेगळे आणि हे वेगळं. मागे वळून एक शब्द म्हटला असता तरी पुरे होतं. पण परीक्षेत मागे वळून बोलणं हाही गैरप्रकारच. दोघींचं नुकसान झालं असतं. मी पुढेच बघत बसले.

पहिलाच प्रश्न तो होता.

जाऊबाईंच्या पेनचा आवाज येत होता. एकदाही थांबल्या नाहीत. बाहेर आल्यावर चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "अगं, सगळं आलं! आणि तुला गंमत सांगू? तो रीतसर शेवट तू एकाच उत्तराला दिला होतास. मी म्हटलं, तू गडबडीत बाकीच्यांना सांगायचं विसरली असशील. मी आपणहून सगळ्याच मोठ्या उत्तरांना लावला. आधीच्या दोन्ही इंग्रजी पेपरांतसुद्धा."

"छान," म्हटलं.

हे मात्र मी सांगितलं नव्हतं. हे त्यांनी स्वतःच्या मनानं केलं. याला मी काय करू?

२० मे, बुधवार

निकाल लागला. मी पास. सांख्यिकीत वर्गात सर्वांत जास्त! जाऊबाईंच्या नावापुढे "राखून ठेवला" असं आलंय. त्यांना विद्यापीठाच्या समितीपुढे बोलावलंय.

त्या घाबरलेल्या नाहीत. म्हणतात, काहीतरी कागदाचा घोळ असेल. माझा निकाल ऐकून मला मिठी मारली आणि बाबांना कळवायला म्हणून पेढीवर फोन केला, "बाबा, धाकटी पास झाली!" मी शेजारी उभी होते. सासऱ्यांचा आवाज ऐकू आला, "आणि तू?"

२८ मे, गुरुवार

जाऊबाई समितीपुढे जाऊन आल्या. मला बरोबर येतेस का म्हणून विचारलं होतं, पण मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

दुपारी आल्या. पर्स खुंटीला लावली, हात धुतले, विळी घेऊन भाजी चिरायला बसल्या. मी दारात उभी. मान वर न करता म्हणाल्या, "चुलीपलीकडे काही जाणत नाही. असं होतं होय ते."

"ताई, गंमत होती हो ती. मी काढणारच होते..."

"तिथल्या एका बाईंनी वाचून अर्थ सांगितला. प्रत्येक उत्तराखाली. सगळे बघत होते माझ्याकडे. विचारलं, ही दयेची भीक तुम्ही का मागितलीत? मी म्हटलं, मला वाटलं, इंग्रजीत रीतच आहे." विळीवरचा हात थांबला नाही. "हसले नाहीत गं ते. हसले असते तर बरं झालं असतं."

त्यांची या वर्षाची परीक्षा रद्द केली, आणि पुढची काही वर्षं बसायलाही बंदी. माझं नाव घेतलंत का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण जीव टांगणीला लागला होता.

"नाही घेतलं," म्हणाल्या. "घेऊन काय मिळणार होतं मला?"

चला, सुटले. मनापासून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! रडूही आलं थोडं. पण समिती इतकी निर्दय असेल हे मला काय माहीत?

संध्याकाळी सासरे घरी आले. जाऊबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी ऐकलं होतंत तुम्ही."

"ऐकलं होतं."

"मग?"

सासऱ्यांनी बूट काढले, मोजे काढले, ते नीट घडी घालून बुटात ठेवले. "घरातल्या बायकांच्या मधे मी पडत नाही," म्हणाले.

कुठला दिवस, काय ऐकलं, मला काही टोटल लागली नाही. त्या दोघांत जुनं काहीतरी असेल.

१५ जून, सोमवार

आज खुर्चीवर बसले! फिरती आहे, पाठीला गादी आहे. खिडकीतून क्रेन दिसतात. कारकूनकाकांनी किल्ल्या दिल्या तेव्हा त्यांचा हात कापत होता. माझा अजिबात नाही.

सासरे म्हणाले, "या कामात समोरच्याचा गळा धरताना हात थरथरून चालत नाही. तुझा थरथरत नाही, बघितलंय मी." कधी बघितलं कुणास ठाऊक. बहुतेक माझ्या अक्षरावरून म्हणाले असतील. पण सासऱ्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच. मी चक्क पाया पडले.

जाऊबाई कामापुरतं बोलतात. डबा मात्र वेळेवर भरून देतात.

२ जुलै, गुरुवार

नवीन जबाबदारी मिळाली. पलीकडच्या बंदरातला आडत्या हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दीर ज्याच्याकडे असतात तोच. त्याला इंग्रजी येत नाही. रोज सकाळी त्याला फोन करून त्याच्या भाषेत नमस्कार-चमत्कार करायचे, किती माल आला ते सांगायचं आणि मग फोन सासऱ्यांना द्यायचा. सासऱ्यांना ती भाषा तरुणपणापासून येते. त्यांनी मला चार वाक्यं सांगितली, मी आपल्या लिपीत उतरवून घेतली आणि पाठ केली. अर्थ विचारला तर पहिल्या तिन्हींचे सांगितले. चौथ्याला म्हणाले, "तो रीतसर शेवट आहे. तिकडे आपलं बोलणं असंच संपवतात."

पहिल्याच फोनला आडत्या इतका मोकळेपणानं हसला की विचारता सोय नाही. मागे आणखी माणसांचं हसू ऐकू आलं. बहुतेक त्यानं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. काय हसतमुख लोक आहेत! "पुन्हा म्हण," असं त्यानं सांगितलं असावं, कारण सासरे म्हणाले, "शेवटचं परत म्हण. त्याला आवडलं." मी परत म्हटलं. पेढीवरचा हमालांचा मुकादम पूर्वी जहाजावर होता. तो दारातून एकदम बाहेर निघून गेला. सासरे चष्मा पुसत होते.

नवी माणसं इतक्या लवकर जिंकायची म्हणजे अंगात काहीतरी असावं लागतं. जाऊबाईंना हे जमलं असतं का?

९ जुलै, गुरुवार

आज मन अगदी हलकं आहे.

सकाळी ओट्याजवळ उभी राहून माझी वाक्यं घोकत होते. फोनवर अडखळायला नको. जाऊबाई कणीक मळत होत्या. चौथं वाक्य म्हटलं आणि त्यांचे हात थांबले.

"परत म्हण," म्हणाल्या.

मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती दिवसांनी सरळ तोंडाकडे बघितलं असेल!

"रोज म्हणतेस हे? सगळ्यांसमोर?"

"हो. त्यांना फार आवडतं. तुमचे यजमानही असतात म्हणे तिकडे ऐकायला. ताई, तुम्हाला येते ना ती भाषा? याचा नेमका अर्थ काय हो? बाबा म्हणतात, रीतसर शेवट आहे."

जाऊबाईंनी पुढच्या खोलीकडे बघितलं. सासरे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. मग जाऊबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बरोबर सांगितलं बाबांनी," त्या म्हणाल्या. "रीतसर शेवटच आहे तो. पण तुझा उच्चार कच्चा आहे. तो मधला शब्द आहे ना, तो जरा लांबव. आणि आवाज चढव, म्हणजे त्यांना नीट कळेल."

मग अगदी सांख्यिकी शिकवायच्या तशाच धीरानं त्यांनी माझ्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. इतकं सगळं होऊनही माणूस शेवटी निवळतं, हे बघून मला भरून आलं. आपलं माणूस ते आपलं माणूस.

शेवटच्या वेळी मला अगदी बरोबर जमलं. खणखणीत आवाज लागला आणि तो मधला शब्द असा काही निघाला की खिडकीत बसलेली मांजर कान पाडून उडी मारून पळाली. आम्ही दोघी किती हसलो! उद्या फोनवर अगदी तसंच म्हणणार आहे.